विष कुणाचं, शस्त्र कुणाचं?

वेल्ह्यात पहिल्या पावसाला अंगणात खडबडीत पाठीचे बेडूक यायचे. 'विषारी असतात' म्हणत आम्ही पोरं त्यांना दगड मारायचो.

पुढे कोलंबियातल्या सोनेरी बेडकाबद्दल वाचलं. फायलोबेट्स टेरिबिलिस हे नाव त्याला १९७८ साली मिळालं. जेमतेम दोन इंचांचा, पण त्याच्या कातडीतलं विष माणसाला मारू शकतं. हे विष त्याला खाण्यातल्या किड्यांतून मिळतं; बंदिवासात जन्मला तर तो बिनविषारीच राहतो. एंबेरा लोक शिकारीसाठी फुंकनळीच्या बाणांची टोकं त्याच्या पाठीवर घासत.

भोरहून वरंधा घाट उतरून कोकणात गेलो, तेव्हा पाकट मासा पाहिला. त्याच्या शेपटीवर करवती काटा असतो. बेडकाचं विष अंगावर, पाकटाचं काट्यात. पाय पडला की टोचतो. माया राजे असेच काटे स्वतःला टोचून देवाला रक्त वाहत. समुद्रापासून दूर असलेल्या तिकालच्या थडग्यांतही ते सापडले.

दोघांचंही विष बचावापुरतं. त्याचा बाण केला, सुई केली, ती माणसाने.

आमच्या अंगणातल्या बेडकाचं विष डोळ्यांमागच्या गाठींत असतं, त्याला तोंडात धरणाऱ्यासाठी. आम्ही तर लांब उभे होतो, हातात दगड घेऊन.