काविते : गॅलियन जहाजांचे बंदर आणि पोर्ता वागाची एकाकिनी माता

फिलिपिन्सची राजधानी मनिला ज्या उपसागराच्या काठी वसली आहे, त्याच उपसागरात दक्षिण किनाऱ्यावरून एक चिंचोळे भूशिर शिरले आहे. त्याच्या टोकाशी जमीन आकड्यासारखी वळलेली आहे. या टोकावर काविते हे बंदराचे शहर आहे. स्पॅनिश राजवटीत आशिया आणि अमेरिका यांना जोडणारी प्रचंड गॅलियन जहाजे येथे बांधली जात, येथेच नांगर टाकत आणि येथूनच मेक्सिकोतील आकापुल्कोकडे निघत. फिलिपिन्सच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अत्यंत दुःखद प्रकरणही या बंदरातच सुरू झाले. १८७२ साली तीन फिलिपिनो धर्मगुरूंना ज्या बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड देण्यात आला, ते बंड कावितेच्या किल्ल्यात झाले होते.

राजसत्तेबरोबर आलेला धर्म येथील कष्टकरी माणसांनी आपलासा कसा केला, याची साक्ष या एका लहानशा गावाच्या इतिहासात आणि आख्यायिकांत मिळते. म्हणून त्याची ओळख आपल्या वाचकांना करून देत आहोत.

नाव आणि प्रारंभ

तगालोग भाषेत ‘कावित’ म्हणजे आकडा. भूशिराच्या आकारावरून हे नाव पडले असावे, हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण होय. लोककथा मात्र वेगळे सांगते. एका स्पॅनिश माणसाने तेथील लोहाराला गावाचे नाव विचारले. लोहार तापलेले लोखंड ठोकून त्याचा आकडा करीत होता. परक्याची भाषा त्याला कळेना. हातातील वस्तूचे नाव विचारत असावा असे समजून तो म्हणाला, ‘कावित’. तेच नाव वहीत गेले आणि पुढे ‘काविते’ झाले. कथा खरी असो वा नसो, विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकमेकांचे कळले नाही, हा वसाहतीच्या प्रारंभीचा अनुभव लोकांनी तीत नेमका जपला आहे.

मिगेल लोपेस दे लेगास्पी याने १५७१ साली मनिला ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी कावितेची स्पॅनिश वसाहत सुरू झाली. मनिलाजवळील पासिग नदीचे मुख उथळ असल्यामुळे मोठ्या जहाजांना आत शिरणे कठीण जाई. कावितेच्या आकड्याच्या कुशीत पाणी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित होते. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे सान फेलिपे किल्ला उभा राहिला आणि गाव तटबंदीने वेढले गेले. जमिनीच्या बाजूच्या वेशीला ‘पोर्ता वागा’ असे नाव होते.

जहाजे आणि वेठ

मनिला व आकापुल्को यांच्यातील गॅलियन व्यापार १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे चालला. चीनचे रेशीम व चिनी मातीची भांडी, मोलुक्का बेटांचे मसाले आणि हिंदुस्थानचे सुती कापड पूर्वेकडे जाई. परतीच्या प्रवासात मेक्सिकोची चांदी येई. प्रशांत महासागर ओलांडून आकापुल्को गाठायला चार ते सहा महिने लागत आणि अनेक खलाशी वाटेतच दगावत.

या वैभवाची किंमत स्थानिक लोकांनी मोजली. ‘पोलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेठीच्या पद्धतीनुसार सोळा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषांना वर्षातून चाळीस दिवस सक्तीने राबावे लागे. प्रत्यक्षात ही मुदत पाळली जातेच असे नाही. डोंगरांतून प्रचंड वृक्ष तोडून आणणे आणि कावितेच्या गोदीत जहाज उभारणे ही त्यांतील सर्वांत कठीण कामे होती. शेती ओस पडे आणि ठरलेली मजुरी अनेकदा हातात येत नसे. १६४९ साली विसाया बेटांतील लोकांना कावितेच्या गोदीवर पाठवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा समार बेटावर सुमुरॉय याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्या उठावात एका जेज्विट धर्मगुरूचा बळी गेला. १६६० साली पांपांगा प्रांतातील लाकूडतोडीला जुंपलेल्या लोकांनीही बंड केले.

हे सारे राज्यकर्ते ख्रिस्ती होते, आणि राबणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही बाप्तिस्मा स्वीकारला होता. धर्मगुरूंपैकी काहींनी या जुलमाविरुद्ध स्पेनच्या राजाकडे तक्रारी केल्या, तर काहींनी त्याकडे डोळेझाक केली. ख्रिस्तसभेचा इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी समोर ठेवायला हव्यात.

वसईचा धागा

मनिलाच्या या सागरी मार्गाशी आपल्या भूमीचा एक पवित्र धागा जोडलेला आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनी मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी म्हणून ते जपानला गेले. १५९६ च्या जुलै महिन्यात मनिलाहून आकापुल्कोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे गॅलियन वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्याचा माल जप्त झाला आणि त्यातून निर्माण झालेल्या संशयाचा शेवट ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती जनांना क्रुसावर खिळण्यात झाला. त्यांत संत गोन्सालोही होते. साम्राज्याच्या जहाजांवरील संशयाची शिक्षा निःशस्त्र मिशनऱ्यांना आणि जपानी श्रद्धावंतांना भोगावी लागली.

चर्चेसचे शहर

एवढ्याशा तटबंदीत स्पॅनिश काळात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्विट, रेकलेक्ट ऑगस्टिनियन अशा विविध संघांची चर्चेस व मठ उभे राहिले. धर्मग्रामाचे चर्च आणि सान हुआन दे दिओस या संघाचे रुग्णालय वेगळेच. वसईच्या किल्ल्यात फिरलेल्या वाचकांना असे चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही.

शत्रूंच्याही नजरा या बंदरावर होत्या. १६४७ साली डच आरमाराने कावितेवर तोफांचा भडिमार केला, परंतु त्यांना माघार घ्यावी लागली. १७६२ साली मद्रासहून निघालेल्या इंग्रज सैन्याने मनिला जिंकली आणि कावितेही घेतले. १७६४ पर्यंत त्यांचा अंमल होता. या सैन्यात हिंदी शिपाई होते. त्यांपैकी काहीजण परत न जाता मनिलाजवळील काइन्ता गावी राहिले आणि तेथील समाजात मिसळून गेले.

पोर्ता वागाची एकाकिनी माता

कावितेची सर्वांत लाडकी आख्यायिका पवित्र मरियेच्या एका चित्राविषयी आहे. एका वादळी रात्री वेशीवरील पहारेकऱ्याला समुद्राच्या बाजूने तेजस्वी प्रकाश जवळ येताना दिसला. ‘कोण आहे तिकडे?’ असे त्याने दरडावून विचारले. त्या प्रकाशातून माता मरियेने त्याला प्रेमळपणे आपली ओळख पटवली आणि शिपाई गुडघ्यांवर आला. सकाळी कामावर निघालेल्या मच्छीमारांना आणि गोदीतील मजुरांना किनाऱ्यावर मातेचे चौकटीतील चित्र आढळले. त्यांनी ते उचलून धर्मगुरूकडे नेले. पुढे वेशीलगतच तिच्यासाठी चॅपेल बांधण्यात आले.

कापडावर रंगवलेल्या या चित्रात मरिया काळ्या-पांढऱ्या वस्त्रांत गुडघे टेकून हात जोडून बसलेली आहे. तिच्यासमोर काट्यांचा मुकुट आणि खिळे आहेत. प्रभू येशूला कबरीत ठेवल्यानंतरची ही आई आहे. म्हणून तिला स्पॅनिश भाषेत ‘सोलेदाद’, म्हणजे एकाकिनी, म्हणतात. चित्राच्या मागील बाजूस स्पॅनिश लेख आहे. १२ एप्रिल १६९२ रोजी हुआन ओलिबा याने ही पवित्र प्रतिमा येथे ठेवली, असे तो सांगतो. फिलिपिन्समधील तारीख नोंदवलेल्या मरियाचित्रांत हे सर्वांत जुने मानले जाते.

लेख आणि आख्यायिका यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. तथापि इतिहासकाराला लेखापलीकडे जाता येत नाही. आख्यायिकेचे मोल निराळ्या ठिकाणी आहे. चित्र सापडले ते राज्यपालाला किंवा जहाजाच्या कप्तानाला नव्हे, तर मच्छीमारांना आणि वेठीने राबणाऱ्या मजुरांना, असे लोक सांगत आले. गॅलियनचे कप्तानही निघण्यापूर्वी तिचा आशीर्वाद मागत. परंतु आपल्या कथेत कष्टकऱ्यांनी तिला प्रथम आपल्या हाती घेतले. ज्या आईने पुत्राचा अन्याय्य मृत्यू पाहिला, ती आपले दुःख जाणते, हा विश्वास त्यामागे होता.

मार्दिका आणि चाबाकानो

सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात चिनी सेनानी कोशिंगा याच्या स्वारीच्या भीतीने स्पॅनिशांनी मोलुक्का बेटांतील आपले ठाणे उठवले. तेथील तेर्नाते बेटावरील काही ख्रिस्ती कुटुंबे जेज्विट धर्मगुरूंबरोबर कावितेच्या परिसरात आली. त्यांना ‘मार्दिका’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ या शब्दापासून मलय भाषेच्या मार्गाने आलेला आहे. त्यांनी वसवलेल्या गावाला आपल्या बेटाचेच नाव दिले. बाळ येशूची मूर्तीही त्यांनी बरोबर आणली, अशी तेथील परंपरा आहे.

काविते आणि तेर्नाते येथे स्पॅनिश व तगालोग यांच्या संकरातून ‘चाबाकानो’ नावाची बोली तयार झाली. काविते शहरात ती आज प्रामुख्याने वृद्धांच्या तोंडी उरली आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावचे ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली आपली ‘नौ लिंग’ बोली अद्याप बोलतात. राज्यकर्ते निघून गेल्यावर भाषा गोरगरिबांच्या घरात कशी जिवंत राहते, याची ही दोन उदाहरणे.

१८७२ : तीन धर्मगुरूंचे बलिदान

एकोणिसाव्या शतकात फिलिपिन्सच्या ख्रिस्तसभेपुढे एक प्रश्न तीव्र झाला होता. धर्मग्रामांचा कारभार स्पॅनिश व्रतस्थ संघांकडे असावा की तेथेच जन्मलेल्या धर्मप्रांतीय धर्मगुरूंकडे? १८४९ साली एका राजाज्ञेने काविते प्रांतातील काही धर्मग्रामे स्थानिक धर्मगुरूंकडून काढून संघांना देण्यात आली. बाकोर येथील धर्मगुरू फादर मारियानो गोमेस यांनी स्थानिकांच्या हक्कांचा पुरस्कार केला. मनिला कॅथेड्रलमधील विद्वान फादर होसे बुर्गोस यांनी लेखणीने तोच लढा चालवला.

कावितेच्या गोदीतील कामगारांना आणि सैनिकांना पूर्वीपासून कर व वेठ माफ होती. राज्यपाल इस्किएर्दो याने ही सवलत काढून घेतली. २० जानेवारी १८७२ च्या रात्री सार्जंट ला माद्रिद याच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे सैनिक व कामगारांनी सान फेलिपे किल्ला ताब्यात घेतला. मनिलातील एका सणाची आतषबाजी पाहून, ठरलेली खूण मिळाली असे त्यांना वाटले, असे सांगितले जाते. मनिलाहून मदत आली नाही आणि दोन दिवसांत बंड चिरडले गेले.

सरकारने याला स्वातंत्र्याच्या मोठ्या कटाचे रूप दिले आणि त्याचा ठपका फादर गोमेस, फादर बुर्गोस व फादर हासिंतो सामोरा यांच्यावर ठेवला. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलाच्या बागुंबायान मैदानात गळा आवळणाऱ्या यंत्राने तिघांनाही ठार मारण्यात आले. गोमेस ७२, सामोरा ३६ आणि बुर्गोस ३५ वर्षांचे होते. पुरेसे पुरावे मिळाल्याशिवाय त्यांचे याजकपद काढून घेण्यास आर्चबिशप मेलितोन मार्तिनेस यांनी नकार दिला. म्हणून ते धर्मगुरूच्या वेशात मरणाला सामोरे गेले आणि चर्चच्या घंटांनी त्यांना निरोप दिला. राजसत्तेच्या छायेत वावरणाऱ्या ख्रिस्तसभेत एका स्पॅनिश आर्चबिशपने दाखवलेले हे धैर्य विसरता येत नाही.

या घटनेने देश जागा झाला. होसे रिझाल यांनी १८९१ साली प्रसिद्ध झालेली आपली दुसरी कादंबरी या तीन धर्मगुरूंच्या स्मृतीस अर्पण केली.

साम्राज्याचा अस्त

१२ सप्टेंबर १८९६ रोजी कावितेच्या किल्ल्याबाहेर तेरा नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत शिक्षक, डॉक्टर, शिंपी, घड्याळजी अशी माणसे होती. १ मे १८९८ रोजी अमेरिकन आरमाराने कावितेसमोरच स्पॅनिश आरमार बुडवले. १२ जूनला जवळच्याच कावित गावी एमिलिओ आगिनाल्दो यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. परंतु वर्षअखेरीस झालेल्या पॅरिसच्या तहाने देश अमेरिकेच्या हाती गेला आणि कावितेची गोदी अमेरिकन आरमाराचा तळ बनली.

१० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी हा तळ उद्ध्वस्त केला. युद्ध संपेपर्यंत जुन्या गावातील चर्चेस, पोर्ता वागाची वेस आणि तिच्या शेजारचे चॅपेल यांचाही विध्वंस झाला. रेकलेक्ट चर्चचा घंटामनोरा तेवढा आज उभा दिसतो. किल्ल्याचा उरलेला भाग आरमारी तळाच्या आत आहे.

आजचे काविते

चित्र मात्र वाचले. शेजारच्या सान रोके, म्हणजे संत रॉक यांच्या चर्चमध्ये ते ठेवण्यात आले आणि हेच चर्च आता एकाकिनी मातेचे धर्मप्रांतीय तीर्थस्थान आहे. १७ नोव्हेंबर १९७८ रोजी चित्राला अधिकृतपणे मुकुट चढवण्यात आला. १९८४ साली ते चोरीला गेले, पण पुढे परत मिळाले. २०१७ साली त्यास राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली आणि पोप फ्रान्सिस यांच्या अनुमतीने १७ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा मुकुटविधी झाला. नोव्हेंबर महिन्यात तिचा सण साजरा होतो.

काविते हे १९६१ साली स्थापन झालेल्या इमुस धर्मप्रांतात येते. कार्डिनल लुईस आंतोनियो ताग्ले २००१ ते २०११ या काळात याच धर्मप्रांताचे बिशप होते. ज्या प्रांतात एकेकाळी स्थानिक धर्मगुरूंना धर्मग्रामे सांभाळण्यास अपात्र मानले गेले, त्या प्रांताचा मेंढपाळ पुढे विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या सेवेसाठी रोमला गेला. फादर गोमेस, बुर्गोस आणि सामोरा यांनी जे मागितले होते, त्यात अवाजवी काहीच नव्हते, हे काळाने दाखवून दिले आहे.