दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि एक काळी वायर

गेल्या पावसाळ्यात मी दोन वापरलेले मोनोब्लॉक अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतले. मोनोब्लॉक म्हणजे एकाच स्पीकरसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर. डाव्याला एक, उजव्याला दुसरा. प्रत्येकाचं डबडं वेगळं, पॉवर सप्लाय वेगळा, प्लगही वेगळा. घरात सबवूफर आधीपासून होता. सगळं जोडून मी बटण दाबलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि उजवा मोनोब्लॉक गेला. बाबा पेपर वाचत होते. “इंजिनिअर ना तू?” एवढंच म्हणाले.

चूक माझीच होती आणि ती एका काळ्या वायरपुरती होती. पण ती वायर मी तिथे का लावली याचा माग काढता काढता सत्तर वर्षं मागे गेलो.

आज मोनोब्लॉक म्हटलं की पैसेवाल्यांचा छंद डोळ्यासमोर येतो. १९५०च्या सुमाराला मात्र घरातले अ‍ॅम्प्लिफायर सगळे मोनोब्लॉकच होते, म्हणून त्यांना तसं कोणी म्हणत नसे. मोबाइल यायच्या आधी ‘लँडलाइन’ कोण म्हणायचं? नुसता फोन असायचा. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला आणि हौशी लोकांनी तो घरोघरी बांधला. १९५३मध्ये इंग्लंडातल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी ‘क्वाड टू’ आणला. दोन केटी-६६ व्हॉल्व्ह, १५ वॅट, एकच चॅनल. एका स्पीकरच्या घरात आणखी काय हवं होतं?

मग १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. कल्पना जुनीच होती. ईएमआयमधल्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१मध्येच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण आता ज्यांच्या घरी एक क्वाड टू होता, त्यांना दुसरा आणावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीने दोन्हींना एकत्र चालवणारा ‘क्वाड २२’ हा कंट्रोल युनिटही काढला. म्हणजे मोनोब्लॉकची जोडी हे सुरुवातीला कुठलंही तत्त्वज्ञान नव्हतं. खोलीत आधीच असलेल्या पलंगाशेजारी दुसरा आणून ठेवावा, तसं ते होतं. अमेरिकेत डेव्हिड हाफलर यांच्या डायनाको कंपनीने १९५९मध्ये दोन्ही चॅनल एकाच चासीवर बसवलेला ‘स्टिरिओ ७०’ किटच्या रूपात विकायला काढला. स्वस्त आणि सुटसुटीत. तर्काने पाहिलं तर मोनोब्लॉक तिथेच संपायला हवे होते.

ते संपले नाहीत. १९७७च्या सुमाराला मार्क लेविन्सन यांच्या कंपनीचा ‘एमएल-२’ आला. प्रत्येक डब्यातून २५ वॅट, क्लास ए, म्हणजे गाणं नसतानाही शेगडीसारखा तापणारा. आता वेगळेपणाचं समर्थनही तयार झालं होतं. पॉवर सप्लाय एकच असला तर एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत झिरपतो. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या शेजारी ठेवता आला की जाड वायर आखूड होते. दुसरा मुद्दा मला पटतो. पहिल्याचं मला हसू येतं, कारण तबकडीवर फिरणारी पिकअपची सुईच दोन बाजू जेमतेम २५-३० डेसिबलने वेगळ्या ठेवते. तिने आधीच मिसळलेलं पुढे कितीही डबे वेगळे केले तरी वेगळं होणार नाही.

आणि इथेच सबवूफरची गंमत आहे. अ‍ॅम्प्लिफायर दोन होत होते त्याच काळात खर्ज पुन्हा एक होत होता. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. एवढ्या लांब लहरीची दिशा आपल्या दोन कानांना नीट उमगत नाही, मग डावा खर्ज आणि उजवा खर्ज असा भेद कशाला? तबकडी कापणाऱ्यांना हे आधीच माहीत होतं. दोन बाजूंचा खर्ज एकमेकांच्या उलट गेला की खाच वर-खाली जोरात हलते आणि सुई उडते. त्यामुळे अगदी खालचा भाग ते सरळ मोनो करून टाकत.

१९६८मध्ये इन्फिनिटी कंपनीच्या ‘सर्व्हो-स्टॅटिक वन’मध्ये खर्जासाठी १८ इंची वूफरचं वेगळं खोकं आलं. १९७३मध्ये स्टीली डॅनच्या ‘प्रेट्झल लॉजिक’ या अल्बमचं मिक्सिंग चालू असताना केन क्रायसेल यांनी आपल्या सबवूफरचा नमुना लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नेला. पुढच्याच वर्षी ‘अर्थक्वेक’ या सिनेमासाठी थिएटरांत ‘सेन्सराउंड’ बसवलं गेलं. हॉलिवुडच्या चायनीज थिएटरात तर छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून खाली जाळं बांधावं लागलं! घराघरांत सबवूफर पोचला तो मुख्यतः सिनेमाच्या वाटेने. ५.१मधला तो ‘.१’ म्हणजे खास त्याच्यासाठी ठेवलेला चॅनल.

संगीत ऐकणाऱ्यांना मात्र सिनेमाची वाट नको होती. १९९० साली रिचर्ड लॉर्ड यांनी वेल्समध्ये ‘रेल’ ही कंपनी काढली. तिने सबवूफरचा सिग्नल थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून घ्यायची पद्धत रूढ केली. सबवूफर तिथून वीज जवळजवळ ओढतच नाही, नुसतं ऐकतो. त्यासाठी तीन वायरी असतात. लाल आणि पिवळी जातात दोन बाजूंच्या अधिक टर्मिनलला, काळी जाते वजाला.

क्वाड टूच्या पिढीपासून बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वजा टर्मिनल म्हणजे आतली जमीनच असायची, म्हणून काळी वायर तिथे बिनधास्त लावता यायची. माझे मोनोब्लॉक मात्र क्लास डी, आणि ब्रिज पद्धतीचे. त्यांत वजा टर्मिनलही सिग्नलवर नाचत असतं, अधिकच्या बरोबर उलट दिशेने. मी काळ्या वायरने त्याला सबवूफरच्या जमिनीशी बांधलं. म्हणजे अर्धा अ‍ॅम्प्लिफायर शॉर्ट केला. काळी वायर चासीच्या स्क्रूला लावा, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं होतं. एरवी वाचल्याशिवाय कोड मर्ज करू नका, असं ज्युनिअर पोरांना मी रोज सांगतो.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ एका गाळ्यात तो दुरुस्त झाला. कारागिराने जळलेले दोन मॉस्फेट माझ्या तळहातावर ठेवले. “साहेब, ही वजा नव्हेच. ही पण अधिकच आहे, फक्त उलटी.” चार वर्षांच्या डिग्रीत हे मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सुरू झाली गुणगुण. तीन उपकरणांचे प्लग तीन वेगवेगळ्या सॉकेटांत होते. त्यांच्या अर्थिंगमधून एक वाटोळं तयार झालं आणि त्यात विजेचे ५० हर्ट्झ फिरू लागले. सबवूफरचं तर कामच ५० हर्ट्झ इमाने इतबारे वाजवणं. तिसऱ्या रात्री खालच्या काकू वर आल्या. “अरे, मिक्सर चालू ठेवून झोपतोस की काय?” प्लगची तिसरी पिन काढून टाक, असं दोन मित्रांनी सुचवलं. ते कधीही करू नका. गुणगुण जाईल, पण बिघाड झाला तर डब्याच्या पत्र्यात वीज उतरेल. मी तिन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले आणि गुणगुण थांबली.

मग बाबा ऐकायला बसले. आजोबांच्या एका स्पीकरच्या रेडिओग्रामवर वाढलेला माणूस. “तुझ्या या खोक्यामुळे तंबोऱ्यात काही फरक पडतो का?” काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. माझा सबवूफर ४५च्या खाली काम करतो. “फारसा नाही,” मी कबूल केलं.

त्यांनी भीमसेन जोशींचं मोनो काळातलं एक ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरमधून तंतोतंत एकच सिग्नल जात होता. आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, हवेत उभा राहिला. बाबा डोळे मिटून पूर्ण विलंबित ऐकत राहिले. द्रुत सुरू होताना डोळे न उघडताच म्हणाले, “दोन्हींतून एकच येतंय ना? मग एक बंद कर, वीज तरी वाचेल.”