वाघूर आणि तिचे विणकर

इतिहासात शिकारीचे वर्णन आले की राजे येतात, हत्ती येतात, ससाणे आणि चित्ते येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातही मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून सविस्तर सांगितला आहे. परंतु जनावर ज्या जाळ्यात सापडे ते कोणी विणले, किती दिवस विणले, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी कामगार चळवळीतला माणूस आहे, पंडित नाही. वस्तू दिसली की ती घडविणारा हात कोठे आहे, हे शोधण्याची मला खोड आहे.

रानातल्या जनावरासाठी लावायच्या जाळ्याला आपल्या भाषेत वाघूर असा जुना शब्द आहे. तो संस्कृत ‘वागुरा’वरून आला, आणि जाळे घेऊन शिकार करणारा तो वागुरिक. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचे लोक द्रव्याच्या लोभाने इतरांस कसे नाडतात हे सांगताना ज्ञानदेवांनी पारध्यांची उपमा घेतली आहे. फासे, पोती, वागुरा, कुत्री, ससाणे असे सामान घेऊन डोंगराकडे निघालेले हे पारधी शके १२१२ चे, म्हणजे इ. स. १२९० चे आहेत. उपमा निंदेची आहे, हे खरे. परंतु यादी इतकी नेमकी आहे की, सांगणाऱ्याने ही माणसे जवळून पाहिली असावीत असेच वाटते. आणि त्या यादीत राजा कोठेच नाही!

आता हे जाळे होते कसे ते पाहू. प्रथम तंतू. अंबाडी किंवा ताग कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजवायचा. साल सुटली की धुऊन वाळवायची. मग मांडीवर तळव्याने वळून पीळ भरायचा. दोन पेड एका दिशेने पिळून ते एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले की प्रत्येक पेड सुटू पाहतो आणि त्या ओढीनेच दुसऱ्याला आवळून धरतो. दोरीचे सारे बळ या भांडणात आहे.

मग विणणे. बांबूची एक सपाट पट्टी माप म्हणून हातात धरतात. तिच्या रुंदीवर जाळ्याचे घर ठरते. वरच्या ओळीच्या फेऱ्यातून दोरा काढायचा, त्या फेऱ्याच्या दोन्ही पायांमागून वळवायचा, स्वतःच्याच खालून ओढून घ्यायचा. झाली गाठ. घर इतकेच मोठे ठेवायचे की जनावराचे डोके आत जावे पण खांदे जाऊ नयेत. वरच्या दोरावर जाळे ताणून बसवीत नाहीत, सैल सोडतात. ताणलेल्या जाळ्यावर आदळलेला ससा उडून मागे पडेल. सैल जाळे त्याच्याभोवती पिशवीसारखे मिटते.

श्रमाचा हिशेब मी मांडून पाहिला. वीस वाव, म्हणजे सुमारे १२० फूट लांब आणि ४ फूट उंच जाळे, दोन इंची घरांचे. आडवी ७२० घरे आणि उभी २४, म्हणजे १७ हजारांवर गाठी. मिनिटाला चार गाठी धरल्या तरी ७२ तास, आठ तासांच्या नऊ पाळ्या. दोरा वळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

ही गाठ मला ओळखीची वाटली, कारण आम्ही मागावर काम केलेली माणसे तुटलेला धागा हिनेच जोडतो. आमची बांधायची रीत निराळी आणि झटपट. पण गाठ सुटी करून पाहिली तर रचना तीच. तिचे वयही थोडेथोडके नाही. चेक देशातील मोराव्हियात पाव्हलोव्ह या ठिकाणी हिमयुगातील मातीचे भाजलेले तुकडे सापडले. जेम्स अडोव्हासिओ, ओल्गा सोफर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात ते तपासले, तेव्हा त्यांवर दोऱ्यांचे व गाठी मारलेल्या जाळ्याचे ठसे आढळले. ते २५ हजार वर्षांहून जुने आहेत, आणि गाठ हीच. मॅमथवर भाला फेकणारा वीर आपल्याला चित्रांतून ठाऊक आहे. सशाकोल्ह्यांसाठी जाळे विणीत बसलेली माणसे त्या चित्रांत नसतात.

लेखी पुराव्यात ग्रीक सरदार झेनोफॉन याच्या नावावर असलेला शिकारीचा ग्रंथ पाहण्यासारखा आहे. काळ इसवी सनापूर्वीचे चौथे शतक. ससे धरण्यासाठी तीन प्रकारची जाळी तो सांगतो. लहान पिशवीजाळे ९ धाग्यांच्या दोराचे, वाटेवर लावायचे १२ धाग्यांचे आणि लांब जाळे १६ धाग्यांचे. लांब जाळ्याचे माप १०, २० किंवा ३० वाव. अंबाडी-तागाच्या जागी तेथे जवसाचा तंतू. तो फासिसचा किंवा कार्थेजचा असावा. जाळी सांभाळणारा गडी विशीतला आणि ग्रीक बोलणारा असावा, इतके सारे तो लिहितो. विणणाऱ्याबद्दल मात्र तो गप्प आहे.

आपल्याकडे फासेपारध्यांचे नावच त्यांच्या हत्यारावरून पडले. जाळे आणि फासा ही सख्खी भावंडे. एका लांब दोरीला ओळीने फासे बांधून दोरी खुंट्यांनी जमिनीशी धरतात. लहान पाखरांसाठी फासा घोड्याच्या केसांचा. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांचा अभ्यास करून १९८३ मध्ये दाखविले की, नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात फिरत, पण त्यांच्या शिकारी आणि साधने वेगळी. काळवीट, मोर, तित्तर हा फासेपारध्यांचा वाटा. शिकविलेल्या गायीच्या आड राहून ते कळपाच्या वाटेवर फासे मांडीत. गाभण मादी किंवा पाडस सापडले तर सोडून देण्याची त्यांची रीत होती. फाशात जनावर जिवंत सापडते, म्हणून ते सोडता येते. बंदुकीची गोळी परत घेता येत नाही.

अशा माणसांचे सरकारने काय केले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातच्या जमात गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. नोंद करायची, हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचे नाही. आणि जमात गुन्हेगार ठरविल्याचा निर्णय कोर्टापुढे नेता येत नसे. १९११ च्या कायद्याने ही तरतूद साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाली. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग येथे सेटलमेंटी निघाल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसे गावातल्या कापडगिरण्यांत कामाला जात. सुधारणा म्हणून याची वाखाणणी झाली. मला त्यात गिरणीमालकाचा नफाही दिसतो, कारण हजेरी चुकली तर तुरुंग ज्याच्या नशिबी, तो मजुरीवर घासाघीस करणार कशी, आणि संपात उतरणार तरी कसा? पिढ्यान्‌पिढ्या दोरा वळलेले हात मालकाच्या सुताला जुंपले गेले.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तोवर माळराने नांगराखाली येत होती, आणि जीपमधून दिव्याच्या उजेडात हौशी बंदुका चालत होत्या. काळवीट कमी झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आवश्यकच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले ते चांगलेच झाले. पण फासेपारध्याचा धंदा गेला आणि बदली काम कोणते, हे त्या कायद्यात लिहिलेले नव्हते. त्यात शस्त्राची व्याख्या मात्र आहे. दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटके, बंदुका, गळ, सुऱ्या, आणि त्यांच्याच रांगेत जाळी, विष, फासे आणि सापळे.