गळ्यातली बाई

सोलापूरहून बार्शीमार्गे तेरला गेलो, की लामतुरे संग्रहालयात माझे पाय रेंगाळतातच. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं कापड भडोच बंदराला जाई, बदल्यात रोमन नाणी येत. पण ती चांदीसोन्याची! राण्या आणि देव्या मिरवणारी ब्राँझची चिल्लर बहुतेक तिकडेच फिरायची. फाउस्टिना राणी इ.स. १४० मध्ये वारली, तेव्हा बादशहा अंतोनिनस पायसने तिला देवी ठरवलं आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. काहींच्या पाठीवर सीरीस, म्हणजे धान्याची देवी. आपली अन्नपूर्णाच म्हणा ना.

भारतात भरपूर सापडतं ते तिबेरियसचं चांदीचं नाणं. त्यावर बसलेली बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया, असं बरेच जण मानतात. तेरकरांनी तर रोमन नाण्यांच्या चक्क मातीच्या नकला केल्या. गळ्यात घालायला असाव्यात. चांदी न परवडणाऱ्यांसाठी? मला तरी तसंच वाटतं.

आमच्या आजीची पुतळ्यांची माळ १९७२ च्या दुष्काळात मोडली. एकच पुतळी उरली. ती तिला लक्ष्मी म्हणून कुंकू लावायची. चेहरा तर केव्हाच झिजला होता.