दोन सेंटिमीटरचं यंत्र, दोन फुटांचा कागद

कोलशेतला खाडीकाठी उभं राहून फोनवर नकाशा उघडला, तर निळा ठिपका बहुतेक वेळा काठावरच दिसतो. कधीमधी तो पाण्यात उतरतो. टॉवरांच्या मधल्या रस्त्यावर तर बिनदिक्कत शेजारच्या सोसायटीत शिरतो. रिक्षा बोलवायला तेवढं पुरतं, कारण चालक फोन करून विचारतोच, "नक्की कुठे उभे आहात?" पण त्याच ठिपक्यावरून जमिनीची हद्द ठरणार असेल, तर पाच मीटरची चूक म्हणजे एक अख्खी खोली इकडची तिकडे.

ही पाच मीटरची चूक दोन सेंटिमीटरवर आणणारे बोर्ड आज तळहातावर मावतात. यू-ब्लॉक्स या स्विस कंपनीचं एफ९पी हे मॉड्यूल २०१८मध्ये आलं, आणि लाखांच्या घरात असलेली सर्वेक्षणाची करामत चांगल्या फोनच्या किमतीत आली. ड्रोन बनवणारी, शेतातला रोबो चालवणारी कॉलेजची पोरं ते अर्डुइनोला जोडतात. मात्र बोर्ड घेतला, अँटेना लावली आणि दोन सेंटिमीटर मिळाले, असं होत नाही. त्याला कुणीतरी सतत सांगत राहावं लागतं की तुझं गणित या क्षणी इतकं चुकतंय. याला दुरुस्ती म्हणतात. ती कोण पाठवतो आणि कुणाला मिळू देतो, हाच खरा इतिहास आहे.

तो उपग्रहांच्या बराच आधी सुरू होतो. विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, ते वाहणारी माणसं, टेकड्यांवरचे मनोरे. वीस वर्षांनी, १८२३मध्ये, वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला तो वारला. त्याचं थडगं तिथेच आहे. त्याच्या पद्धतीचं सार एवढंच, की एखाद्या बिंदूची जागा आधी पक्की करायची आणि बाकी सगळं त्याच्याशी पडताळायचं.

शेतकऱ्याच्या बांधापर्यंत मात्र हे थिओडोलाइट आलं नाही. तिथे आली साखळी. मुंबई इलाख्यात प्रिंगलची पहिली मोजणी फसली, मग १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने काम सुरू केलं. हत्यार साधंच होतं: काटकोन साधायचा शंकू आणि तेहतीस फुटांची साखळी. तेहतीसच का, तर तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आजही गुंठा हा शब्द उच्चारताना आपण नकळत ती साखळी मोजत असतो. साखळीचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचं आणा. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त, सुमारे ६३ सेंटिमीटर. टिपणांवर मापं लिहिली गेली ती साखळी-आण्यांत. कड्या झिजल्या की साखळी लांबायची. पण सारा आकारायला हे पुरेसं होतं. मोजणी मुळात त्यासाठीच होती, शेजाऱ्याशी भांडण मिटवायला नव्हे.

आता एकदम आकाशात जाऊ. जीपीएस हा अमेरिकी लष्कराचा प्रकल्प. १९८३मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, त्यानंतर रेगन सरकारने ही यंत्रणा नागरिकांसाठी खुली करण्याचं जाहीर केलं. पण खुली केली ती मुद्दाम बिघडवून. नागरी लहरीत कृत्रिम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. यातली गंमत मला फार आवडते: नव्वदच्या दशकात अमेरिकेचंच तटरक्षक दल किनाऱ्यावर, माहीत असलेल्या जागी रिसीव्हर ठेवून ती चूक मोजत होतं आणि जहाजांना रेडिओवरून सांगत होतं. सरकारचा एक हात चूक घालत होता, दुसरा काढत होता. अखेर मे २०००मध्ये ती कृत्रिम चूक बंद झाली. आपल्या फोनमधल्या ठिपक्याचा जन्म खरं तर त्या दिवशीचा.

उरल्या नैसर्गिक चुका. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढं चुकलं तरी अंतर चुकतं. त्यात वातावरणाचा आयनांबर हा थर लहरींना उशीर करतो, आणि विषुववृत्ताजवळच्या भारतावर तो अमेरिका-युरोपपेक्षा जास्त खवळलेला असतो. भारताने स्वतःची दुरुस्ती सेवा उभी केली तेव्हा हीच मोठी अडचण होती. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या त्या सेवेचं नाव गगन. देशभरात पंधरा संदर्भ केंद्रं, त्यातलं एक नागपूरला, एक गोव्यात. ती चूक मोजतात, बंगळुरूला हिशोब होतो आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांवरून साऱ्या देशावर पाडली जाते. आयनांबरासाठी इस्रोला स्वतःचं गणिती मॉडेल बनवावं लागलं. २०१५मध्ये विमानं उतरवण्याच्या कामासाठी गगनला प्रमाणपत्र मिळालं. विषुववृत्तीय पट्ट्यात अशी सेवा त्याआधी कुणी चालवली नव्हती.

गगन फुकट आहे आणि अगदी साधे रिसीव्हरसुद्धा ते ऐकतात. त्याचा एक उपग्रह, जीसॅट-१०, ८३ अंश पूर्व रेखांशावर असतो. कोलशेतहून तो दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर. उत्तरेच्या खिडकीत अँटेना ठेवून तो सापडायचा नाही. गच्चीवर जावं लागेल. मात्र गगन विमानांसाठी आहे. तीनेक मीटरच्या आतली खात्री वैमानिकाला पुरते, बांधाला पुरत नाही.

बांधासाठी लहरच मोजावी लागते. जीपीएसची मुख्य लहर १९ सेंटिमीटर लांब असते. तिचा कितवा भाग आपल्यापर्यंत पोचला, हे रिसीव्हर मिलिमीटरच्या हिशोबात सांगू शकतो. अडतं ते मधे अशा पूर्ण लहरी किती झाल्या, यापाशी. ते कोडं सोडवायला जवळपास, पक्क्या जागी, दुसरा रिसीव्हर लागतो. पक्क्या जागेवरचा तो बेस आणि हातात घेऊन फिरायचा तो रोव्हर. बेसची निरीक्षणं रोव्हरला रेडिओने किंवा मोबाइल इंटरनेटने जातात.

इंटरनेट नसेल तिथे तिसरा मार्ग: दुरुस्ती थेट उपग्रहावरून. त्यासाठी दीड गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकणारा वेगळा छोटा बोर्ड मिळतो. तो स्वतः जागा काढत नाही, फक्त दुरुस्ती ऐकतो आणि तारेने शेजारच्या बोर्डाला देतो. या खासगी दुरुस्त्या कुलूपबंद असतात; वर्गणी भरली की किल्ली मिळते, आणि ती ठरावीक काळाने बदलते. अशा हौशी बोर्डांसाठीच्या सेवा आधी अमेरिका-युरोपसाठी उभ्या राहिल्या. तेव्हा परदेशातून मागवण्याआधी त्या उपग्रहाचा झोत ठाण्यावर पडतो का, हे विचारलेलं बरं. नाहीतर हौसेने आणलेला बोर्ड गच्चीवर नुसताच ऐकत बसायचा.

आपल्याकडे बेसचं काम आता सरकारच करतं. सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायम चालू असलेली संदर्भ केंद्रं उभारली आहेत. यांनाच कॉर्स म्हणतात. भूकरमापक रोव्हरचा दांडा घेऊन शेतात उभा राहतो तेव्हा त्याला दुरुस्ती मिळते ती या केंद्रांकडून. फेब्रुवारी २०२१च्या नव्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनी ही सेवा भारतीयांना निर्बंधाशिवाय, सहज मिळावी असं स्पष्ट म्हटलं. ज्या देशात नकाशा ही कित्येक दशकं जवळजवळ गुपित ठेवायची वस्तू होती, तिथे हे वाक्य मला बोर्डाच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं.

पण दांडा जमिनीवर टेकवला की खरी गाठ पडते. रोव्हर सांगतो दोन सेंटिमीटर. कागद आहे आण्यांतला, ६३ सेंटिमीटरच्या पायऱ्यांचा. तीस मीटर लांबीच्या हद्दीवर एका आण्याचा फरक म्हणजे जवळपास दोनशे चौरस फूट. इंदापुरात १८३५ साली याने कुणाचं काही बिघडलं नसेल. कोलशेतमध्ये, जिथे रासायनिक कारखान्याच्या जागेवर गृहसंकुलाचे टॉवर उभे राहिलेत, तिथे दोनशे चौरस फूट म्हणजे कुणाची तरी आयुष्याची कमाई. आणि यंत्र अचूक आहे म्हणून कागद बदलत नाही. हद्द कायम करताना जुनं टिपण आणि नकाशा जमिनीवर बसवायचा असतो. रोव्हर फक्त तो कुठे बसला हे नेमकं सांगतो. कसा बसवला, कोणती खूण धरून बसवला, यावर सगळं अवलंबून. बेसची जागा मीटरभर चुकीची भरली तर रोव्हर ती मीटरभराची चूक दोन सेंटिमीटरच्या अचूकतेने सगळीकडे करत जातो. बांध कोरणाऱ्याला निदान नांगर घेऊन रात्री जावं लागायचं.

गावठाणांची गोष्ट वेगळी. तिथल्या घरांना सातबारा नसतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२०मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली: ड्रोन, कॉर्स आणि शेवटी घराच्या मालकाच्या हातात मिळकत पत्रिका. योजना ग्रामीण भागासाठी. कोलशेत ठाणे महापालिकेत आहे. खाडीपलीकडे भिवंडी तालुका सुरू होतो, आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या गावाला जे दार उघडं आहे ते अलीकडच्या, शहराने पोटात घेतलेल्या गावठाणाला नाही. दुरुस्तीची लहर दोन्ही काठांवर सारखीच पडते.

तरी एक गोष्ट बदलली आहे. साखळीच्या काळात मोजणी बरोबर की चूक हे ठरवायला पुन्हा मोजणीवालाच बोलवावा लागे. नव्या ई-मोजणीत नकाशाच्या 'क' प्रतीबरोबर हद्दीच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांशही येतात. ते आकडे घेऊन, चांगल्या फोनच्या किमतीचा बोर्ड, एक अँटेना आणि कॉर्सची नोंदणी एवढ्यावर घरातली कुणी इंजिनिअरिंगची मुलगी सकाळी आठच्या सुमारास, आकाश मोकळं बघून, प्रत्येक कोपऱ्यावर पाच-पाच मिनिटं दांडा धरून उभी राहू शकते. तिचे आकडे कोर्टात पुरावा म्हणून चालतील असं नाही. पण दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर फेरमोजणीचा अर्ज करताना तिच्या हातात लिहायला काहीतरी असेल.