मुंबईच्या दोन शांतता : १८९७ आणि २०२०

टाळेबंदीच्या काळाविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात २०२० च्या उन्हाळ्यातील मुंबईच्या शांततेचे वर्णन वारंवार आढळते. लोकल थांबल्या, हवा निवळली, भर दुपारी कोकिळाचा स्वर ऐकू येऊ लागला. ही वर्णने खोटी नाहीत. परंतु शांततेला इतिहासाचे साधन मानावयाचे असेल, तर ती कोणाच्या जाण्याने आणि कोणाच्या अडकून पडण्याने निर्माण झाली, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी याच शहराची एक जुनी शांतता शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत तिच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक शहराबाहेर पडले होते. गिरणी कामगार बोटीने, आगगाडीने, पायी गावाकडे गेले. उरलेल्यांना टिकवून धरण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. ही शांतता खऱ्या अर्थाने ओस पडलेल्या शहराची होती, आणि ती हिवाळ्याची होती. उन्हाळा चढला तसा रोग ओसरला व लोक परतू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होई, सक्तीही होई. पण माणसाला शहर सोडण्याची वाट उरली होती.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो कायदा लागू करण्यात आला, तो हाच. मात्र परिणाम उलट झाला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. रोज सुमारे पंचाहत्तर लाख प्रवाशांची वाहतूक करणारी यंत्रणा थांबल्यावर रूळांलगतच्या वस्त्यांनी जी निःशब्दता अनुभवली, ती तेथील कोणत्याही पिढीच्या स्मरणात नव्हती. रस्ते रिकामे होते ते घरे भरलेली होती म्हणून.

येथे थोडे थांबले पाहिजे. मुंबईतील लहान खोली ही एकाच वेळी सर्वांनी राहण्यासाठी कधीच नव्हती. एक पाळीवर असतो तेव्हा दुसरा झोपतो, मुले शाळेत किंवा गॅलरीत असतात, रात्री पुरुष बाहेर पथारी टाकतात. हे वेळापत्रक मोडले आणि एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखाली, सारे कुटुंब चोवीस तास एकत्र आले. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला आढळला. सार्वजनिक शौचालयापुढे रांग लावणाऱ्यांना अंतर राखण्यास सांगितले जात होते! ज्या लेखनात शांततेचे सौंदर्य येते, ते बहुधा वरच्या मजल्यावरील गॅलरीतून झालेले आहे. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, दाट वस्त्यांत हवा-उजेड आणण्यासाठीच शहर सुधारणा न्यास स्थापन झाला होता. त्याने बांधलेल्या चाळींतही २०२० मध्ये माणसे राहत होती.

मुंबईचा मे महिना एरवीही काहीसा शांत असतो, कारण चाकरमानी आंब्याच्या दिवसांत कोकणात जातो. त्या वर्षी तो वेळेवर जाऊ शकला नाही. पुढे प्रवासाचा परवाना मिळाला, तेव्हा गावच्या शाळेत चौदा दिवसांचे विलगीकरण त्याची वाट पाहत होते, आणि काही गावांनी तर वेशीवरच रस्ते अडवले. ज्याच्या पाठवलेल्या पैशांवर गावातली घरे उभी राहिली, त्यालाच गाव भिऊ लागले. १८९७ च्या कामगाराला हा आधार निदान मानता येत होता. या दुराव्याची नोंद आपल्या साहित्यात अद्याप पुरेशी झालेली नाही, असे मला वाटते.

उत्तरेकडील मजुरांचे प्रकरण अधिक परिचित आहे. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ इच्छिणाऱ्यांची गर्दी जमली आणि तिला लाठ्यांनी पांगवण्यात आले. त्यानंतर नाशिकच्या महामार्गावरून पायी निघालेल्यांची रांग अनेक दिवस तुटली नाही. श्रमिक गाड्या १ मे रोजी सुरू झाल्या. तरीही ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली मृत्यू पावले. गाड्या बंद आहेत, या समजुतीने ते तेथे निजले होते. शहरातल्या ज्या शांततेचे कौतुक चालले होते, तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

पक्ष्यांविषयी एक गोष्ट जाता जाता. नवी मुंबईच्या खाडीतील रोहित पक्ष्यांची छायाचित्रे त्या वेळी ‘निसर्ग परतला’ म्हणून फिरली. ठाण्याच्या खाडीत व शिवडीला ते १९९० च्या दशकापासून येतच होते.

३ जून रोजी ‘निसर्ग’ नावाचेच चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबईतून मदतीला निघू पाहणाऱ्यांना तेव्हाही परवाने लागत होते. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल धावू लागल्या. दोन्ही लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशाला १५ ऑगस्ट २०२१ पासून त्यांत प्रवासाची मुभा मिळाली.