देव दगडात, राजे लाकडात: विजयनगरचे उमराव कसे ओळखावेत?

१/ हंपीत तुंगभद्रेच्या काठी विरूपाक्ष, विठ्ठल, हजारराम ही मंदिरे आजही उभी आहेत. मग ज्या राजांनी आणि सरदारांनी या नगरीवर सत्ता गाजवली, त्यांचे वाडे कुठे गेले? या प्रश्नाच्या उत्तरातच मध्ययुगातील प्रतिष्ठित वर्ग मातीतून कसा ओळखावा, याचा धडा दडलेला आहे.

२/ वाडे होते, यात शंका नाही. १४४३ मध्ये शाहरुख तैमूरीचा वकील अब्दुर रझ्झाक, तर १५२० च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश या नगरीत आला. दोघांनीही तिचे वैभव लिहून ठेवले. पाइशने राजवाड्यातील हस्तिदंती कोरीवकामाच्या दालनाचे वर्णन केले आहे. त्या दालनाचा आज मागमूसही नाही.

३/ कारण बांधकामाच्या साहित्यात आहे. विजयनगरात देवाचे घर प्रामुख्याने दगडाचे. माणसाचे घर मात्र, ते राजाचे असले तरी, बहुतांशी लाकूड, वीट आणि चुन्याचे. दगड लागे तो मुख्यतः जोत्याला. जानेवारी १५६५ मधील राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईनंतर नगरी लुटली गेली, जाळली गेली. लाकूड भस्मसात झाले, जोती राहिली. उत्खननात कोळसा आणि आगीने तडकलेले दगड सापडले, ते याच विध्वंसाची साक्ष देतात.

४/ म्हणून पहिला नियम: जे उंच उभे आहे तेच श्रीमंताचे, असे मानू नये. राजकेंद्रातील शंभर खांबी सभागृहात आज एकही खांब नाही. दिसतात त्या खांब रोवण्यासाठीच्या दगडी बैठकांच्या रांगा. लाकडी खांबांचे ते सभागृह राज्यातील सर्वांत महत्त्वाच्या जागांपैकी एक असावे. वरवर पाहणाऱ्याला तिथे केवळ मोकळा चौथरा दिसतो.

५/ १९७० च्या दशकापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि कर्नाटकचे पुरातत्त्व खाते यांनी येथे उत्खनने केली. १९८० पासून जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल यांच्या चमूने अवशेषांची बारकाईने मोजणी केली. उत्खननात उजेडात आलेल्या वाड्यांच्या एका समूहाला अभ्यासकांनी ‘सरदारांची वस्ती’ असे नाव दिले.

६/ ही जोती नीट वाचली, तर एकच आराखडा पुन्हा पुन्हा दिसतो. भोवती कुंपणभिंत, पुढे चौक, मग पायरीपायरीने चढत जाणारे ओटे आणि सर्वांत वर, सर्वांत आत लहान दालने. बहुतेक वाड्यांची तोंडे पूर्वेला किंवा उत्तरेला. मालक वर आणि आत, भेटीस आलेला खाली आणि बाहेर. कोणी कुठपर्यंत जायचे, हे त्या उंचीनेच ठरत असावे. भिंती गेल्या, तरी दर्जाची ही उतरंड जोत्यात टिकून राहिली.

७/ दुसरी खूण पाण्याची. राजकेंद्रात दगडी खांबांवरून पन्हाळी नेलेली आहे. उत्खननात सापडलेल्या, काळ्या दगडाच्या रेखीव पायऱ्यांच्या पुष्करिणीला तिच्यामार्फत पाणी मिळे. कोरड्या, खडकाळ प्रदेशात पाणी आपल्या दारापर्यंत आणणे म्हणजे इतरांच्या श्रमावर आणि साधनांवर अधिकार असणे.

८/ तिसरी खूण ताटवाटीची. येथे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. समुद्रापारचा हा माल बंदरातून पठारावर येई. तो सर्वांना परवडणारा नव्हता. परंतु फुटके खापर कचऱ्याबरोबर कुठेही जाऊ शकते. म्हणून एका तुकड्यावरून घराचा मालक ठरत नाही. जोते, पाणी आणि भांडी एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हाच निष्कर्षाला बळ येते.

९/ चौथी खूण पोशाखाची. लेपाक्षीच्या भित्तिचित्रांत दरबारी पुरुष ‘कबाई’ हा लांब अंगरखा आणि ‘कुल्लायी’ ही उंच टोपी घातलेले दिसतात. या वेषाचे मूळ इस्लामी जगात आहे. तिरुमला येथील कृष्णदेवरायाच्या कांस्यमूर्तीत देवासमोर त्याचे अंग उघडे आहे. टोपी मात्र कायम आहे. येथे पोशाख धर्माहून अधिक दरबारातील स्थान सांगतो. केवळ पोशाखावरून धर्म ठरवणारा येथे फसेल.

१०/ नावांपासूनही सावध राहावे. ‘राणीचे स्नानगृह’, ‘जनानखाना’, ‘कमलमहाल’ ही नावे मागाहून रूढ झाली. स्नानगृह राण्यांचेच होते, असे सांगणारा लेख तिथे नाही. ‘सरदारांची वस्ती’ हेही अभ्यासकांनी दिलेलेच नाव. मात्र त्यामागे पुरावा मांडलेला आहे आणि तो तपासता येतो. पुढे त्याहून सबळ पुरावा मिळाला, तर ते नाव बदलताही येईल.

११/ या साऱ्या खुणा उमरावांच्याच का सापडतात? कारण त्यांच्या घराला निदान जोते तरी दगडाचे होते. तो दगड घडवणारे, पाणी वाहणारे, लाकूड कोरणारे लोक माती-गवताच्या घरांत राहिले. अशा घरांची खूण म्हणून बहुधा खापरांचे तुकडे उरतात. त्यामुळे अवशेषांत श्रीमंत नेहमीच प्रमाणाबाहेर ठळक दिसतात. उत्खननाचा अहवाल वाचताना हे भान सुटता कामा नये.

१२/ जोते वाचण्याची हीच रीत महाराष्ट्रातही उपयोगी पडते. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांमुळे लागलेल्या आगीत रायगडावरील वाडे जळाले. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या इमारती गेल्या. दोन्हीकडे मागे उरली ती प्रामुख्याने जोती. तिथे ‘पाहण्यासारखे काही उरले नाही’ असे म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: जोत्याची उंची किती, आत शिरण्याची वाट कुठून कुठे जाते आणि पाणी कोणाच्या दारापर्यंत पोहोचले.